विश्लेषण : लंडनला ‘धुक्याचे शहर’ कोणी बनवले, हवामानाने की कोळशाने? ढगांना नावे देणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वी काय मोजले?

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया जिल्ह्यात पहाटे धुवारी उतरते. धानाच्या बांध्या, मामा तलावांचे काठ, वैनगंगेचे पात्र आणि रेल्वेचे रूळ काही काळ दिसेनासे होतात. ऊन चढले की सारे मोकळे होते. त्यामुळे थंडीसाठी गोंदियाचे नाव दरवर्षी बातम्यांत येत असले, तरी त्याला कोणी ‘धुक्याचे शहर’ म्हणत नाही. तो किताब जगात लंडनला मिळाला आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चिकटून राहिला. लंडनचे हवामानच तसे आहे, असा समज त्या काळी रूढ होता. मात्र औषधांचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच थर्मामीटर आणि नोंदवही घेऊन हा समज तपासला. आकाशातील ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावे देणारे ल्यूक हॉवर्ड ते हेच. त्यांनी नेमके काय शोधले, लंडनने ते का ऐकले नाही आणि गोंदियासाठी त्यातून काय घेण्यासारखे आहे, याविषयी…

ल्यूक हॉवर्ड कोण होते?

ल्यूक हॉवर्ड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १७७२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील रॉबर्ट हॉवर्ड पत्र्याच्या वस्तू आणि दिवे बनवण्याच्या धंद्यात होते. कुटुंब क्वेकर पंथाचे. साधी राहणी, कामात चोखपणा आणि युद्धाला विरोध ही या पंथाची ओळख होती. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेर असलेल्या अशा पंथांच्या मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून पदवी घेता येत नसे. त्यामुळे हुशार क्वेकर मुले व्यापार, बँका, औषधे आणि रसायने यांकडे वळत.

ल्यूक यांना ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्ड येथील शाळेत घालण्यात आले. तिथे लॅटिन भरपूर घोकून घेतले जाई, विज्ञान मात्र जवळजवळ नव्हतेच. शाळा संपल्यावर त्यांना स्टॉकपोर्ट येथील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीसाठी पाठवले गेले. दिवसा खलबत्ता आणि तराजू, रात्री फ्रेंच, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र असा त्यांचा क्रम होता. पुढे लंडनला परतल्यावर त्यांनी औषधांचा स्वतःचा धंदा सुरू केला. १७९६ मध्ये मरियाबेला इलियट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर विल्यम ॲलन या क्वेकर औषध व्यावसायिकाबरोबर त्यांनी भागीदारी केली. लंडनबाहेरच्या प्लेस्टो गावात औषधी रसायने तयार करण्याचा कारखाना होता आणि त्याची जबाबदारी हॉवर्ड यांच्याकडे होती.

पोटापाण्याचा व्यवसाय असा रसायनांचा. हवामान हा त्यांचा फावल्या वेळेतला नाद होता आणि त्यासाठी त्यांना कोणी पगार देत नव्हते.

१७८३ च्या उन्हाळ्यात आकाशात काय घडले?

हॉवर्ड दहा वर्षांचे असताना युरोपचे आकाश विचित्र झाले. जून १७८३ मध्ये आइसलँडमध्ये लाकी येथील ज्वालामुखीच्या भेगा फुटल्या आणि कित्येक महिने धगधगत राहिल्या. त्यातून निघालेला गंधकयुक्त वायू वाऱ्याबरोबर युरोपभर पसरला. ऐन उन्हाळ्यात कोरडे, उग्र वासाचे धुके दाटून आले. भरदुपारी सूर्य निस्तेज आणि लालसर दिसू लागला. त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या रात्री ब्रिटनवरून एक प्रखर उल्का गेली आणि हजारो लोकांनी ती पाहिली. ल्यूक त्यांपैकी एक होते.

त्या उन्हाळ्यात धुक्याचे दोन प्रकार लोकांच्या डोळ्यांसमोर आले. एक पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचे, रोजच्या ओळखीचे. दुसरे धूर आणि गंधकाचे, जे थंडी नसतानाही उरते आणि ऊन चढले तरी हटत नाही. लंडनच्या कथेत पुढे हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसतात.

औषधविक्रेत्याने ढगांना नावे का दिली?

लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटजवळील प्लाऊ कोर्टमध्ये विल्यम ॲलन यांच्या औषधालयात काही तरुणांचे अभ्यासमंडळ भरत असे. त्याचे नाव अस्केशियन सोसायटी. प्रत्येक सदस्याने आपल्या पाळीला निबंध वाचायचा, नाहीतर दंड भरायचा, असा नियम होता. डिसेंबर १८०२ मध्ये हॉवर्ड यांनी आपल्या पाळीला ढगांवरील निबंध वाचला.

तोपर्यंत ढग म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारी, कोणत्याही नियमात न बसणारी गोष्ट मानली जाई. ढगांचे रूप बदलत असले तरी त्यांचे मूळ प्रकार मोजकेच आहेत, अशी हॉवर्ड यांची मांडणी होती. तंतूसारखा तो सिरस, ढिगासारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रेटस आणि पाऊस देणारा तो निंबस. या प्रकारांच्या मिश्रणातून बाकीचे ढग तयार होतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क या निसर्गशास्त्रज्ञानेही ढगांची वर्गवारी केली होती, पण ती फ्रेंच भाषेत होती. हॉवर्ड यांनी शाळेत घोकलेले लॅटिन इथे कामी आले. लॅटिन नावे कोणत्याही एका देशाची नव्हती, त्यामुळे ती सगळीकडे चालली. १८०३ मध्ये हा निबंध छापून आला. आज दूरदर्शनवर किंवा मोबाइलच्या ॲपवर ढगांचे जे प्रकार सांगितले जातात, त्यांचा पाया हाच.

या वर्गवारीतील एक गोष्ट धुक्याच्या संदर्भात महत्त्वाची आहे. जमिनीला टेकलेले धुके हॉवर्ड यांनी स्ट्रेटसमध्ये धरले. शांत संध्याकाळी ओल्या कुरणांवर आणि नदीकाठी खालून वर चढत जाणारा, रात्री पसरणारा आणि सकाळच्या उन्हात विरणारा हा ढग. म्हणजे धुके ही आकाशातून उतरलेली गूढ वस्तू नसून जमीन, पाणी आणि थंडी यांतून तयार होणारा ढगच आहे. गोंदियाची पहाटेची धुवारी या वर्णनात अचूक बसते.

लंडनला मुळात धुके का पडते?

याचे पहिले उत्तर हवामानात आहे. लंडन टेम्स नदीच्या सखल खोऱ्यात वसले आहे. उत्तरेला चिल्टर्न टेकड्या, दक्षिणेला नॉर्थ डाउन्स, मध्ये नदी, तिच्या काठच्या दलदली आणि पाणी धरून ठेवणारी चिकणमाती. समुद्र जवळ असल्याने हवा दमट. हिवाळ्यात दिवस लहान आणि ऊन तिरपे. आकाश निरभ्र असून वारा पडला की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्या लगतची हवाही थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात.

अशा रात्री आणखी एक गोष्ट घडते. एरवी जमिनीजवळची हवा उबदार असते आणि वर जावे तसे तापमान कमी होते. या रात्री हा क्रम उलटतो. खाली थंड, जड हवा आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा वरचा थर खालची हवा कोंडून ठेवतो. त्या कोंडलेल्या हवेत जे काही सोडले जाईल, ते तिथेच साचते.

इथपर्यंत लंडनमध्ये जगावेगळे काही नाही. अशी खोरी, नद्या आणि अशा थंड रात्री जगात असंख्य ठिकाणी आहेत. तरीही धुक्याचे शहर म्हणून ख्याती झाली ती लंडनची, कारण त्या झाकणाखाली जे साचत होते ते वेगळे होते.

कोळसा लंडनमध्ये कसा आला?

इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल परिसरातला कोळसा जहाजांनी समुद्रमार्गे लंडनला येई. म्हणून त्याला सागरी कोळसा म्हणत. तेराव्या शतकातच त्याच्या धुराच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा पहिला एडवर्ड याने लंडनमध्ये तो जाळण्यावर बंदी घातली. पण जवळची जंगले कमी होत गेली, लाकूड महागले आणि बंदी कागदावरच राहिली. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन यांनी ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स याला सादर केली. धूर सोडणारे उद्योग शहराबाहेर न्यावेत आणि शहराभोवती सुगंधी झाडे लावावीत, अशी त्यांची सूचना होती. तीवर काहीही झाले नाही.

हॉवर्ड यांच्या तरुणपणी, १८०१ च्या पहिल्या जनगणनेच्या वेळी, लंडनची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. घरोघरी उघड्या शेगड्यांत कोळसा जळे. या शेगड्यांत कोळसा नीट जळत नसे. उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून निघून जाई आणि त्याबरोबर काजळी, डांबर आणि गंधकाचे वायू बाहेर पडत. घरांची धुराडी बुटकी असल्याने धूर उंच न जाता गल्ल्यांवरच पसरे. त्यात दारूच्या भट्ट्या, साबणाचे कारखाने आणि वाफेची इंजिने यांची भर पडली. हॉवर्ड यांचा रसायनांचा व्यवसायही या यादीबाहेरचा नव्हता, कारण भट्टीशिवाय तो चालणे शक्य नव्हते. धुराकडे ते लांबून बोट दाखवत नव्हते, त्या धुरात जगणाऱ्या उद्योजकांपैकीच ते एक होते.

हॉवर्ड यांनी नेमके काय मोजले?

प्लेस्टो येथे राहत असताना १८०६ पासून हॉवर्ड यांनी हवामानाची नियमित नोंद ठेवायला सुरुवात केली. रोजचे कमाल आणि किमान तापमान, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, पाऊस आणि आकाशाची स्थिती. पुढे ते टॉटनहॅम या तेव्हाच्या गावात राहायला गेले, तरी वही थांबली नाही. ही नोंद एका जागेची होती. त्यांनी तिच्या शेजारी दुसऱ्या जागेची नोंद ठेवून पाहिली. शहराच्या मध्यभागी, टेम्सच्या काठावरील सॉमरसेट हाउसमध्ये रॉयल सोसायटीचे थर्मामीटर होते. त्याचे आकडे त्यांनी आपल्या गावच्या आकड्यांशी वर्षानुवर्षे ताडून पाहिले.

दोन्ही ठिकाणे एकाच खोऱ्यातली आणि काही मैलांच्या अंतरावरची. दोन्हीकडे हंगाम तोच आणि वाराही तोच. मग तापमानात सातत्याने फरक दिसत असेल तर तो निसर्गाचा नव्हे, शहराचा. त्यांना असे आढळले की शहरातील रात्री गावातल्या रात्रींपेक्षा सरासरी ३.७० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअसने उबदार असतात. दिवसा मात्र शहर गावापेक्षा किंचित थंड असते.

रात्रीच्या उबेची कारणेही त्यांनी मांडली. हजारो घरांतील आगी, दाटीने राहणारी माणसे, दिवसभर तापून रात्री उष्णता सोडणाऱ्या भिंती, त्या भिंतींमुळे अडणारा वारा आणि ओल्या जमिनीचा अभाव. आजचे शास्त्रज्ञ ज्याला शहरी उष्णतेचे बेट म्हणतात, त्याची ही पहिली शास्त्रशुद्ध नोंद. दिवसा शहर थोडे थंड राहण्याचा संबंध शहरावरच्या धुराशी जोडला जातो, कारण असा पडदा सूर्यकिरण अडवतो.

१८१८ आणि १८२० मध्ये दोन खंडांत ‘द क्लायमेट ऑफ लंडन’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १८३३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती तीन खंडांत निघाली. एका शहराचे हवामान या विषयावरचे हे पहिले पुस्तक मानले जाते.

‘शहरी धुके’ ही कल्पना कुठून आली?

१० जानेवारी १८१२ ची नोंद या पुस्तकात आहे. त्या दिवशी लंडनवर कित्येक तास इतका गडद अंधार पसरला की भरदिवसा दुकाने आणि कचेऱ्यांत दिवे लावावे लागले. वारा जवळजवळ नव्हता. हॉवर्ड यांनी हा अंधार दैवी कोप म्हणून किंवा विचित्र हवामान म्हणून नोंदवला नाही. असंख्य धुराड्यांतून निघालेला धूर हलत्या हवेअभावी शहरावरच साचून राहिला, हे कारण त्यांनी स्पष्ट केले. हवा इतकी चंचल नसती तर हिवाळ्यात लंडन राहण्याजोगे उरले नसते, असे त्यांचे मत होते.

अशा धुक्याला त्यांनी ‘सिटी फॉग’, म्हणजे शहरी धुके म्हटले. गावाकडचे पांढरे धुके वेगळे आणि शहरातले धूरमिश्रित धुके वेगळे, हा फरक त्यामुळे प्रथमच नावानिशी नोंदवला गेला. ढगांच्या बाबतीत त्यांनी जे केले होते तेच इथेही केले. आधी नीट पाहिले, मग वेगळे केले आणि मग नाव दिले.

काजळीमुळे धुके दाट आणि पिवळे कसे होते?

याचे पूर्ण उत्तर हॉवर्ड यांच्या हयातीनंतर मिळाले. बाष्पाला थेंब बनण्यासाठी टेकायला काहीतरी लागते. स्कॉटलंडचे जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले की हवेतील अतिसूक्ष्म कण हा तो टेकू असतो. कण जितके जास्त, तितके थेंब जास्त आणि बारीक. तेवढ्याच बाष्पाचे असे असंख्य बारीक थेंब झाले की धुके अधिक अपारदर्शक होते.

कोळशाच्या धुराने लंडनच्या धुक्यात तीन बदल केले. पहिला, कणांची संख्या प्रचंड वाढवली. दुसरा, कोळशातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड आणि पुढे थेंबांत सल्फ्युरिक आम्ल तयार झाले, त्यामुळे डोळे आणि घसा जळू लागला. तिसरा, काजळी आणि डांबरामुळे धुके पिवळे-तपकिरी झाले आणि त्याने ऊन अडवले. ऊन जमिनीपर्यंत न पोहोचल्याने जमीन तापेना, जमीन तापेना म्हणून धुके उठेना आणि धुके उठेना म्हणून धूर निघून जाईना. गावात सकाळी दहाला विरणारे धुके शहरात दिवसेंदिवस ठाण मांडून बसे ते यामुळे.

हॉवर्ड यांना मान मिळाला, मग शहराने त्यांचे ऐकले का?

मान भरपूर मिळाला. जर्मन महाकवी गटे हे त्यांच्या ढगांच्या वर्गवारीने इतके भारावले की त्यांनी हॉवर्ड यांच्या गौरवार्थ कविता लिहिल्या आणि त्यांच्याकडून आत्मचरित्रपर माहितीही मागवली. १८२१ मध्ये हॉवर्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८१७ मध्ये टॉटनहॅम येथे दिलेली त्यांची हवामानावरील सात व्याख्याने १८३७ मध्ये पुस्तकरूपात आली. नेपोलियनच्या युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी मदत गोळा करण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या कुटुंबाची ‘हॉवर्ड्स अँड सन्स’ ही कंपनी पुढे क्विनाईनसाठी नावाजली गेली. आपल्याकडची जुनी पिढी ज्याला कोयनेल म्हणे, ते हिवतापावरचे औषध हेच. मुलगा जॉन इलियट हॉवर्ड हा क्विनाईन आणि सिंकोनाचा तज्ज्ञ म्हणून ओळखला गेला.

२१ मार्च १८६४ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी टॉटनहॅम येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. ब्रूस ग्रोव्ह येथील त्यांच्या घरावर आज निळी स्मृतिपाटी आहे. तीवर ढगांना नावे देणारा म्हणून त्यांची ओळख आहे. शहराचा धूर मोजणारा म्हणून नाही.

लंडनने त्यांचे म्हणणे कानाआड केले, ते समजले नाही म्हणून नव्हे. १८५३ मध्ये लंडनसाठी धूरविरोधी कायदा झाला, पण तो कारखान्यांच्या भट्ट्या आणि वाफेच्या इंजिनांपुरता होता. घरातल्या शेगडीला हात लावण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही. शेगडीभोवती जमलेले कुटुंब ही इंग्रजी घराची ओळख होती. धुराडे पेटते असणे म्हणजे घरात अन्न आणि ऊब असणे, कारखान्याचा धूर म्हणजे हाताला काम.

‘धुक्याचे शहर’ हा लौकिक महागात कसा पडला?

दरम्यान धुके लंडनची ओळख बनले. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीची सुरुवात धुक्याने होते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने हे १८९९ ते १९०१ या काळात मुद्दाम लंडनला येऊन धुक्यातली टेम्स रंगवत होते. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये ज्या लंडनमध्ये राहिले, किंवा पुढे भंडारा लोकसभा पोटनिवडणूक लढवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तरुणपणी ज्या लंडनमध्ये शिकले, ते हेच कोळशाच्या शेगड्यांचे लंडन होते.

धुके ही ओळख झाली की त्यातला धूर दिसेनासा होतो. हवामानावर खटला भरता येत नाही. डिसेंबर १८७३ मध्ये दाट धुक्यात इस्लिंग्टन येथील पशुप्रदर्शनातली जनावरे गुदमरून मेली आणि माणसांचे मृत्यूही वाढले, तरी तो धुक्याचा बळी ठरला. १९०५ मध्ये डॉ. एच. ए. देव्हो यांनी धूर आणि धुके यांना जोडून ‘स्मॉग’ हा शब्द पुढे आणला. हॉवर्ड यांनी केलेला फरक लोकांच्या तोंडी यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर वारा थांबला, उलट्या तापमानाचे झाकण बसले आणि शहर अंधारात गेले. एका नाट्यगृहात धुके शिरल्याने प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाले. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत गेला. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि पहिल्यांदाच घरातल्या शेगडीवरही निर्बंध आले. ठरावीक भागांत धूर करणारा कोळसा जाळण्यास मनाई झाली. गॅस आणि विजेचा वापर वाढला. पुढच्या काही दशकांत पिवळे धुके नाहीसे झाले आणि हिवाळ्यातील सूर्यप्रकाशाचे तास वाढले.

टेम्स तिथेच होती, टेकड्या तिथेच होत्या, दमट हिवाळाही तोच होता. कोळशाचा धूर गेला आणि त्याबरोबर धुक्याचा तो लौकिकही गेला. हॉवर्ड यांची तुलना बरोबर होती, याचा याहून मोठा पुरावा नाही.

भारतात आणि गोंदियात याचा अर्थ काय?

भारतातही कोळशाच्या धुराची चिंता जुनी आहे. कोलकात्यासाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये धूर-उपद्रव कायदे झाले. गिरण्या आणि भट्ट्या हे त्यांचे लक्ष्य होते.

गोंदिया जिल्ह्याचा विचार केला तर हवामानाची बाजू लंडनच्या खोऱ्याशी काही अंशी जुळते. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्या, इटियाडोह आणि नवेगावबांधसारखे जलाशय, शेकडो मामा तलाव, पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या आणि भोवतीचे जंगल. हिवाळ्यात आकाश निरभ्र, वारा मंद आणि पारा अनेकदा विदर्भात सर्वांत खाली. धुवारी पडायला लागणारे सारे काही इथे आहे आणि ते कायम राहणार आहे.

धुराची बाजू मात्र माणसाच्या हातातली आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात गोंदिया जंक्शनवर कोळशाचा धूर रोजचाच होता. आज तिरोड्यात प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या पाच संचांचा ३,३०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. भात गिरण्यांच्या आणि उकडा तांदूळ बनवणाऱ्या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये कोंडा जळतो. शिवाय वीटभट्ट्या, शेतात जाळले जाणारे तणस, चुली आणि चौकाचौकातल्या शेकोट्या. या सर्वांना एका मापात मोजणे चुकीचे ठरेल. वीज प्रकल्पाची चिमणी शेकडो फूट उंच असते आणि राख पकडणारी यंत्रे असतात. तिचा धूर सहसा धुक्याच्या थराच्या वर जातो आणि दूरवर पसरतो. शेकोटी आणि जळत्या तणसाचा धूर तुलनेने थोडा, पण तो जमिनीलगत, झाकणाखालीच सुटतो. लंडनमध्ये घातक ठरली ती उंच चिमणीपेक्षा घराघरातली बुटकी धुराडी, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गंधकाचा प्रश्न वेगळा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक प्रकल्पांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. तिची मुदत अनेकदा वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य प्रकल्पांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हा सूट देण्यामागचा एक युक्तिवाद. वायूपासून हवेतच बारीक कण तयार होतात आणि ते दूरवर जातात, हा विरोधातला.

मग धुवारीत धूर किती, हे कसे ओळखायचे?

हॉवर्ड यांनी वापरलेली पद्धत आजही चालते आणि ती महागडी नाही. एकाच रात्री, एकाच तासाला दोन ठिकाणांची नोंद घ्यायची. एक शहरातली किंवा कारखान्यांजवळची, दुसरी त्याच खोऱ्यातील पण वस्तीपासून दूरची. उदाहरणार्थ गोंदिया शहर आणि नवेगावबांधचा परिसर. दोन्हीकडे तापमान, ओलावा आणि हवेतील बारीक कण मोजायचे. हे एका सकाळी नव्हे, सलग काही हिवाळे. दोन्हीकडे धुके सारखेच असेल आणि एकाच वेळी विरत असेल, तर ती निसर्गाची धुवारी. शहरातले धुके अधिक वेळ टिकत असेल, कण जास्त असतील आणि वास येत असेल, तर उरलेला फरक धुराचा.

डोळ्यांनाही काही खुणा कळतात. निव्वळ धुवारी पांढरी असते, तिला वास नसतो आणि ती पाने ओली करते. धूर मिसळलेला थर करडा किंवा पिवळसर दिसतो, घशात खवखव आणतो आणि ऊन चढल्यावरही क्षितिजावर रेंगाळतो. दमा असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि वृद्धांनी अशा सकाळी फिरायला जाण्याची वेळ पुढे ढकलणे बरे.

लंडनने धुके आणि धूर यांतला फरक १८२० मध्ये छापील स्वरूपात हातात घेतला आणि तो अमलात आणायला १९५६ उजाडले. मधल्या १३६ वर्षांत शहराकडे माहितीची कमतरता नव्हती. जे मोजून दाखवता येत होते त्याला हवामान म्हणत राहण्याची सवय तेवढी होती.